हातावरचा गूळ

“मग एवढ्या शब्दांतला खरा शब्द कुठला, बुवा?”

कल्लाप्पाबुवांनी मान वर केली नाही. ते गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकत होते.

“कशाला पायजे?”

“पुस्तकासाठी. आनंदाचे जे इंग्रजी शब्द आहेत, त्यांच्यावर लिहितोय.”

“...”

बुवा गप्प राहिले की समोरचा माणूस आपसूक खरं बोलायला लागतो, असं उंबरमाळावर म्हणतात. पण रघुवीर मिरजकर सर म्हणजे काही साधी आसामी नव्हती. उभा जन्म कोल्हापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेलेला. समोरचा गप्प बसला की आपण आणखी बोलायचं, ही त्यांची मुरलेली सवय.

पुस्तक वगैरे थाप होती.

खरी गोष्ट अशी, की सरांची एकुलती एक लेक केतकी पुण्यात असते. तिचा पहिला संसार मोडला आणि ती हसायचंच विसरून गेली. सरांच्या पत्नी शालिनीबाई त्याच काळजीत गेल्या. आणि गेल्या रविवारी केतकीचा फोन आला. ती पुन्हा लग्न करत होती. माणूस चांगला होता. हे सांगताना तिचा आवाज शाळेतून धावत घरी येणाऱ्या केतकीसारखा झाला होता.

शेवटी तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही हॅपी आहात ना?”

सरांना भरून आलं. आणि भरून आलं की सर शब्दकोशात शिरत. फार जुनी खोड ती.

ते म्हणाले, “हॅपी हा शब्द तसा फसवा आहे हं. मूळ शब्द हॅप. म्हणजे योगायोग, नशिबानं जे पदरात पडेल ते. तेव्हा मी हॅपी आहे का, असं विचारण्यापेक्षा...”

“बरं बाबा,” केतकी म्हणाली. “शुक्रवारी सकाळी रजिस्टर लग्न आहे. नाही जमलं यायला तरी चालेल.”

आज गुरुवार होता.

रविवारपासून सर एक शब्द शोधत होते. उद्या लेकीसमोर उभं राहून म्हणता येईल असा आणि म्हटल्यावर खोटा न पडणारा. पण उघडावा तो शब्द, त्याच्या मुळाशी काहीतरी वाकडंच निघायचं. कपाटातले सगळे कोश पालथे घालून झाले, तेव्हा त्यांना हा माळ आठवला.

शालिनीबाई दर श्रावणात इथं यायच्या. सर खाली वडाच्या सावलीत गाडी लावून पेपर वाचत बसायचे. मठ, बुवा, अंगारा यांचं त्यांना वावडं. दिवेलागणीला बाई खाली उतरायच्या तेव्हा त्यांचा उजवा हात चिकट असायचा. सर पाण्याची बाटली पुढं करायचे. “आधी हात धू.” बाई नुसत्या हसायच्या. घरी पोचल्या की तीच बोटं त्या केतकीच्या तोंडात घालायच्या. सरांना ते बघवत नसे, पण संसारात एवढं तेवढं चालवून घ्यावं लागतं, म्हणून ते तोंड फिरवायचे.

आज ते पहिल्यांदाच पायऱ्या चढून वर आले होते, आणि आल्या आल्याच घोळ झाला होता.

ओसरीवर सिदगोंडा नावाचा एक ट्रॅक्टरवाला बसला होता. सर उंबऱ्याशी आले तसा तो लगबगीनं उठला आणि चिमटीतला गुळाचा खडा त्यानं थेट सरांच्या तोंडाशी आणला.

“अहो, अहो!” सर मागं सरकले. “मला शुगर आहे.”

शुगर-बिगर काही नव्हती. परक्या माणसाच्या काळपट बोटांची किळस होती. सिदगोंडा ओशाळला. तो खडा तसाच धरून कोपऱ्यात जाऊन बसला आणि जायचं नाव घेईना.

मग बुवांनी ढेपेचा एक खडा फोडला आणि सरांच्या तळहातावर ठेवला. काही बोलले नाहीत. सरांनी तो मुठीत धरला. उतरताना टाकून देऊ, असा त्यांचा बेत होता.

“पुस्तकासाठी व्हय,” बुवा आता म्हणाले. “मग सांगा की एकेक, मास्तर. सायबाचं सुख कसलं असतंय, आमालाबी कळू दे.”

सर खुलले. नवा वर्ग मिळाला की कुठलाही मास्तर खुलतो.

“ग्लॅड घ्या. मूळ अर्थ चकचकीत. गुळगुळीत. सगळं वरवरचं.”

“घासलेल्या तांब्यावानी.”

“हो. मेरी. त्याच्या मुळाशी आहे थोडका, आखूड. ज्यात वेळ भुर्रकन उडून जातो ते.”

“जत्रंचा दिस आखूडच असतोय. फुडं?”

“फन. हा तर मूळचा लुच्चा. फन म्हणजे फसवणूक, एखाद्याला टोपी घालणं. डिलाइटच्या पोटात आमिष दाखवून ओढणं आहे. आणि थ्रिल म्हणजे आरपार भोसकणं.”

“आगा बाबाबाबा,” कोपऱ्यातून सिदगोंडा म्हणाला.

“सिली. आज याचा अर्थ खुळा. पण मुळात हा धन्य माणसाचा, सुखी माणसाचा शब्द. सुखी तो भाबडा दिसतो, भाबड्याला लोक बावळट म्हणतात, आणि असं होता होता बिचारा खुळा झाला.”

बुवांना हे फार आवडलं. मांडीवर थाप मारून ते पोटभर हसले.

“म्हंजे तिकडची मान्संबी हितल्यासारखीच की.”

“चिअर हा त्यातल्या त्यात सरळ. मुळात त्याचा अर्थ नुसता चेहरा. हसरा असो, रडका असो. चेहरा.”

बुवांचं हसू थांबलं.

“मास्तर... ह्ये समदं इचारलं कुनी तुमाला?”

“म्हणजे?”

“सुकासुकी कुनी डोंगर चढत न्हाई.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाऱ्यानं ढेपेवरचं फडकं उडालं. बुवांनी ते नीट करून त्यावर दगड ठेवला. घाई कसलीच नव्हती त्यांना.

“माझ्या मुलीनं,” सर म्हणाले. आणि मग त्यांनी रविवारचा फोन सांगितला. हॅप सांगितला. ‘नाही जमलं तरी चालेल’ हेही सांगितलं, ते सांगताना मात्र त्यांना दोनदा थांबावं लागलं.

“तवा तुमचं त्वांड कसं हुतं?”

“फोनवर होती ती. तिला दिसलं नाही.”

“पर हुतं कसं, मास्तर?”

“मी रडत होतो, बुवा,” सर म्हणाले. “किती वर्षांनी ती तशी बोलली. मी आनंदानं रडत होतो, आणि तोंडातून बाहेर पडला तो शब्दकोश.”

सिदगोंडानं मान खाली घातली.

“म्हणून एक शब्द हवाय. उद्या तिला सांगायला. ज्याच्या पोटात खोट नाही असा एकच द्या.”

बुवा सरांच्या मुठीकडे बघत होते.

सरांनीही बघितलं. मूठ उघडली तर खडा पाझरून हाताच्या रेषांत उतरला होता. एक मुंगी अंगठ्यावरून वर येत होती.

आणि सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

असे दृष्टांत त्यांनी खंडीभर वाचले होते! गूळ गूळ म्हणून तोंड गोड होत नाही. शब्द बाजूला ठेव, चव घे. इतका वेळ हातावर गूळ आणि तोंडात गुळाची व्युत्पत्ती. गाढवाला गुळाची चव काय, हेच बुवांना सुचवायचं होतं. आता ते म्हणणार, खा. त्यांनी म्हणायच्या आत आपणच खाल्ला तर?

वर्गात प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी जी मुलं असतात, त्यांतले सर एक होते. साठी उलटली तरी ते मूल गेलं नव्हतं.

त्यांनी मुंगी झटकली. खडा तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. रुमालानं हात स्वच्छ, अगदी रेषांतून पुसून घेतला. मग पहिला नंबर आल्यासारखे ते बुवांकडे बघून हसले.

“कळलं, बुवा.”

“अरारारा...” सिदगोंडाच्या तोंडून निघालं. “आन् शुगर?”

“ग्वाड हाय?” बुवांनी विचारलं.

“फार.”

“असंल. बेळगावकडनं आलीया ढेप.” बुवा पुन्हा माश्या हाकायला लागले. “पर तुमचा नव्हता त्यो.”

सर काही विचारणार, एवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. कुणीतरी धापा टाकत, जवळजवळ पळत वर येत होतं.

हौसाक्का होती. पायथ्याच्या वस्तीतली. पदर सुटलेला, कोपरापर्यंत हात शेणानं माखलेले, गोठ्यातून उठून तशीच आलेली. तिनं बुवांना हात जोडले नाहीत. ओसरीवर नजर फिरवली, नवा माणूस कोण ते हेरलं आणि सरळ सरांपुढं येऊन उभी राहिली.

डोळे मिटले. मान वर केली. आणि लहान पोरीसारखा आ केला.

सरांनी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. त्यांनी बुवांकडे बघितलं. बुवा माश्यांत.

“सायेब,” सिदगोंडा हळूच म्हणाला, “हितली रीत हाय. वर येनाऱ्याचं त्वांड आदुगर आलेल्यानं ग्वाड करायचं. तुमच्या हातावर ठेवल्याला खडा हिचा हुता.”

सरांनी आपला हात पाहिला. पुसलेला, कोरडा, स्वच्छ हात.

हौसाक्का तशीच उभी. तिच्या तोंडावर कसलीही शंका नव्हती. आत्ता काहीतरी जिभेवर पडणार, एवढंच तिला ठाऊक होतं.

फोनमधून चेहरा दिसत नाही, असं सर स्वतःला रविवारपासून समजावत होते. आता तो त्यांना दिसला. केतकी पलीकडे अशीच थांबली असणार, मान वर करून, बापाच्या हातून काहीतरी पडेल म्हणून. आणि आपण तिला हॅपचं मूळ सांगितलं! त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली, की खाली बसावंसं वाटलं.

“माझ्याकडे नाहीये,” ते म्हणाले. आवाज फुटला. “बुवा, माझ्याकडे काहीच नाही. मी खाऊन टाकला.”

हौसाक्कानं एक डोळा किलकिला केला आणि परत मिटला. ती थांबायला तयार होती.

सिदगोंडा उठला. मघाचा, सरांनी नाकारलेला खडा अजून त्याच्या चिमटीत होता. इतका वेळ तो तेवढ्यासाठीच बसून होता. त्यानं तो सरांच्या तळहातावर ठेवला.

“ह्यो तुमचाच हाय. माज्यापाशी राह्यला हुता. द्या तिला.”

सरांनी खडा उचलला. त्यांनी तो हौसाक्काच्या तोंडात घातला. तिचे ओठ बोटांना लागले, आणि मघाची ती किळस कुठं गेली हे सरांच्या ध्यानातही आलं नाही.

हौसाक्कानं डोळे उघडले.

“माजी म्हस येली!” ती ओरडली. “सकाळधरनं अडली हुती बया. डाक्टर म्हनला, धरू नका आशा. आन् आत्ता सुटली बगा! रेडी झाली, रेडी! उठून हुबीबी राह्यली. आचळालाबी लागली!”

“वा!” सर म्हणाले. “वा वा वा!”

एवढा एकच शब्द, आणि तोही कुठल्या कोशात शोधावा लागला नाही. ते हसत होते. सिदगोंडाही हसत होता. म्हैस कुणाची, हसतंय कोण, असं एखाद्याला वाटलं असतं.

आणि त्या हसण्यातच सरांना काहीतरी आठवलं. त्यांनी घाईघाईनं तोंडावर हात ठेवला.

बुवांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“आला का शब्द?”

“आला. पण राहू द्या.”

“सांगा की. आता चालतंय.”

सर चाचरत म्हणाले, “फेलिसिटी. मोठ्या सुखाचा शब्द आहे तो. पण जाणकार म्हणतात, त्याच्या पार तळाशी दूध पाजणं आहे. वासरू आचळाला लागणं.”

“काय म्हनला?” हौसाक्का पुढं सरकली. “फेलशी?”

“फेलिसिटी.”

“फेलशी. बास.” तिनं हात झटकला. “रेडीचं नाव फेलशी. ह्या माळावर असलं नाव कुनाच्या जनावराला न्हाई.”

सरांनी आयुष्यभर कितीतरी मुलांना कितीतरी शब्द शिकवले होते. कुठलाही शब्द इतक्या आनंदानं कुणी नेलेला त्यांना आठवत नव्हता.

सिदगोंडा मोकळा झाला होता. बुवांच्या पाया पडून तो पायऱ्या उतरला आणि थोड्या वेळानं खालून ट्रॅक्टरचा आवाज आला. ऊन माळाच्या कडेला गेलं होतं. बुवांनी हौसाक्काच्या हातावर पुढच्या माणसासाठी खडा ठेवला. तिनं वाटेकडे बघितलं. वाट रिकामी होती.

मग तिनं सरांकडे बघितलं.

“तुमी खाल्लंय का कुनाच्या हातचं?”

“मघाशी खाल्ला की मी.”

“आपल्या हातानं खाल्ल्यालं हितं धरत न्हाईत.”

तिच्या बोटांना अजून गोठ्याचा वास होता. सरांनी चष्मा काढला. डोळे मिटले. आ केला.

मघाचाच गूळ, त्याच ढेपेचा. पण या वेळी सर चघळू शकले नाहीत. खडा जिभेवर राहिला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हौसाक्कानं विचारलं नाही. पदरानं तिनं त्यांचे डोळे पुसले, जसे ती घरात कुणाचेही पुसत असेल, आणि रेडीकडे जायचं म्हणून निघून गेली.

“आता आलासा,” बुवा म्हणाले.

“माझी बायको यायची इथं,” सर म्हणाले. “शालिनी.”

“ठावं हाय. कायम शेवटाला यायच्या. दिस बुडता बुडता. मुद्दाम.”

“मुद्दाम?”

“शेवटी आलेल्याच्या मागनं कोन येनार? त्येचा खडा मग घरला जातोय.”

सरांना वडाखालची गाडी दिसली. पुढं केलेली पाण्याची बाटली दिसली. चिकट हात उराशी धरून, वळणावळणाच्या रस्त्यानं, कशालाही न शिवता घरापर्यंत बसून राहिलेली शालिनी दिसली. आणि दारात धावत आलेली केतकी.

“मला वाटायचं, नुसता चिकट हात आहे...”

बुवांनी दिवा लावला. मग ढेपेवरचं फडकं बाजूला केलं, एक खडा फोडला आणि सरांच्या उजव्या तळहातावर ठेवला. सरांनी मूठ मिटली. वाटेवर आता कुणीच येणार नव्हतं.

ते उठले. उंबऱ्याशी थांबले. एवढं झालं तरी मूळची खोड कुठं जाते!

“बुवा, उद्या ती पुन्हा विचारेल. बाबा, तुम्ही हॅपी आहात ना? तर मी काय म्हणू?”

बुवांनी वात पुढं सारली. ज्योत स्थिर होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले...

“पुन्यापातूर लांबचा पल्ला हाय,” ते म्हणाले. “वाटंत हात धुऊ नगासा.”